क्लॅरिफायरमधून गाळ वाहतोय? मोठा ब्लोअर घेण्याआधी हे तपासा

रबाळे एमआयडीसीतल्या एका बल्क ड्रग (औषधांचा मूळ घटक बनवणाऱ्या) कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, सांभाळणाऱ्या केमिस्टचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपतीच्या पाच दिवसांच्या सुट्टीनंतर प्लांट सुरू केला आणि तेव्हापासून क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवून पाणी निवळणाऱ्या टाकीत, गाळ बसेना. दुपारी विअरवरून, म्हणजे निवळलेलं पाणी बाहेर पडतं त्या काठावरून, गाळाचे लोट जातात. रोजचं सांडपाणी १०० घनमीटर, फीड पंप सकाळी नऊ ते संध्याकाळी सात चालतो. एरिएशनला (हवा देऊन जिवाणूंना घाण खाऊ घालायच्या टँकला) जाणाऱ्या पाण्याचा सीओडी (सगळी घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) ३००० च्या आसपास, बीओडी (त्यातला जिवाणूंना खाता येणारा भाग) १२००. टँक २५० घनमीटरचा. एमएलएसएस (टँकमधला तरंगता गाळ) ३८००, त्यातला सेंद्रिय भाग म्हणजे एमएलव्हीएसएस २९००. मेजरिंग सिलिंडरमध्ये अर्ध्या तासाने गाळ ९५० मिलिलिटरवर, वरचं पाणी मात्र स्वच्छ. डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) दिवसा ०.६, रात्री ३ च्या वर. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सीओडी पूर्वी दोनशेच्या आत असायचा, आता ४२०. पावसाळा लागल्यापासून गाळ वाळवायचे ड्राइंग बेड ओले म्हणून वेस्टिंग (वाढलेला गाळ काढून टाकणं) बंद. दर सोमवारी टँकमध्ये जिवाणूंना खत म्हणून एक गोणी युरिया आणि एक गोणी डीएपी. इक्वलायझेशन टँकला (येणारं सांडपाणी आधी साठवून एकसारखं करायच्या टाकीला) सडक्या अंड्यांचा वास. सल्लागार म्हणतात कल्चर पावडर (जिवाणूंची भुकटी) आणि शेण टाका, मालक म्हणतात टँकला हवा देणारा मोठा ब्लोअर घेऊ. नक्की काय करावं?

यातलं काहीच आत्ता करू नका. तुम्ही आकडे व्यवस्थित दिलेत, त्याबद्दल आधी शाबासकी. बहुतेक जण ‘प्लांट बिघडला’ एवढंच सांगतात. तुमचं निदान या आकड्यांतच आहे. (मिलिग्रॅम प्रति लिटर दर वेळी लिहीत नाही. सीओडी, बीओडी, डीओ, एमएलएसएस सगळं त्याच एककात समजा.)

आधी ही पद्धत (इंग्रजीत अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज) मुळात कशावर उभी आहे ते सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. सांडपाण्यात हवा सोडून बघणारे लोक १९१४ च्या आधीही होते. त्या वर्षी मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी वेगळं केलं ते एवढंच, की हवा दिल्यावर खाली बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. वरचं निवळलेलं पाणी काढलं, त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतलं आणि पुन्हा हवा दिली. असं करत गेल्यावर ज्या शुद्धीकरणाला सुरुवातीला काही आठवडे लागत होते, ते काही तासांवर आलं. कालच्या दह्याचं विरजण राखून आजचं दूध लावावं, तसं. त्यांना ही दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला आले. आपल्याकडे या विषयाची ओळख अशी फार लवकर झाली. नवी मुंबई महापालिकेची मैलापाणी केंद्रं ज्या एसबीआर (एकाच टाकीत पाळीपाळीने सगळं करायच्या) पद्धतीवर चालतात, तीही मूळ कल्पनेत हीच: भरा, हवा द्या, थांबा, वरचं पाणी काढा.

तेव्हा सगळा भर गाळ राखण्यावर आहे. बसेल असा गाळ वाढवायचा, त्यातला लागेल तेवढा परत आणायचा आणि वाढलेला रोज काढून टाकायचा. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टींकडे थोडंफार लक्ष असतं. तिसरी, म्हणजे वेस्टिंग, कुणालाच नको असते. गाळ काढला की तो वाळवा, पोत्यांत भरा, मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याची नोंद) बनवा, तळोज्याच्या धोकादायक कचऱ्याच्या सामायिक केंद्रावर पाठवा आणि पैसे मोजा. त्यापेक्षा तो टँकमध्येच राहू दे, असं होतं. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात जितके आजारी प्लांट बघितले, त्यातल्या बहुतेकांच्या लॉगबुकात वेस्टिंगचा रकाना कोरा होता.

आता तुमच्या प्लांटकडे येऊ.

पहिलं काम आज दुपारीच करा. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना घ्या, अर्धा गाळणकागदातून गाळा आणि दोन्हींचा सीओडी काढा. माझा अंदाज आहे की न गाळलेल्याचा ४२० येईल आणि गाळलेल्याचा १८० च्या आसपास. तसं आलं तर तुमचे जिवाणू नीट काम करताहेत. पाण्यात विरघळलेली घाण ते खाताहेत. वरचे २४० हे तुमच्याच गाळाचे आहेत. एक ग्रॅम जिवाणूंचा सीओडी साधारण १.४२ ग्रॅम भरतो. म्हणजे २४० ला १.४२ ने भागलं की लिटरमागे सुमारे १७० मिलिग्रॅम गाळ बाहेर जातोय असं निघतं. नमुन्याचा टीएसएस (पाण्यातले तरंगते घन कण) काढून हे ताडून बघा. जुळलं तर कल्चर पावडरचा विषय तिथेच संपतो. खाणारे जिवाणू कमी पडत नसताना नवे आणून काय करणार?

गाळलेल्याचा सीओडीसुद्धा ३५०-४०० आला, तर मात्र पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि विषबाधेच्या चाचणीकडे वळा. ती खाली सांगितली आहे.

दुसरं, सिलिंडर. अर्ध्या तासाने ९५० म्हणजे गाळ जेमतेम हलला. पण एवढ्यावरून ‘गाळ वाईट’ म्हणता येत नाही. चांगला गाळसुद्धा फार झाला की सिलिंडरमध्ये दाटीमुळे खाली उतरत नाही. हे ओळखायला सोपा उपाय आहे. दुसऱ्या सिलिंडरमध्ये अर्धं लिटर मिक्स्ड लिकर (एरिएशन टँकमधलं गाळासकटचं पाणी) आणि अर्धं लिटर क्लॅरिफायरचं निवळ पाणी घ्या, हलक्या हाताने एकदा उलटंसुलटं करा आणि पहिल्याच्या शेजारी ठेवा. नळाचं पाणी वापरू नका, क्षार बदलले की गाळाचं वागणं बदलतं. अर्ध्या तासाने पातळ केलेला गाळ २००-२५० पर्यंत उतरला तर तो चांगला आहे, फक्त जास्त झालाय. ४५०-५०० वर अडकला तर तो फुगलेला आहे. ज्याला आपण बल्किंग म्हणतो ते हेच. वरचं पाणी काचेसारखं नितळ आणि खाली कापसासारखा गाळ, हे तुमचं वर्णन बल्किंगचंच आहे. विषबाधा झालेल्या गाळावरचं पाणी गढूळ, दुधी असतं. सिलिंडर लगेच ओतूनही देऊ नका, दोन तास तसाच ठेवा. बसलेला गाळ बुडबुड्यांसकट तुकड्या-तुकड्यांनी वर आला, तर क्लॅरिफायरच्या तळाशी नायट्रेटपासून नायट्रोजन वायू सुटतोय. ते दुखणं वेगळं, त्याला रिटर्न (क्लॅरिफायरच्या तळचा गाळ एरिएशनला परत नेणं) वाढवून गाळ तळाशी कमी वेळ ठेवणं हा उपाय.

आता हिशेब. ९५० ला एमएलएसएसने भागून हजाराने गुणलं की एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, निघतो. तुमचा २५०. चांगल्या गाळाचा ८० ते १५० असतो. या आकड्याचा खरा उपयोग फार थोडे जण करतात: दहा लाखाला एसव्हीआयने भागा, म्हणजे क्लॅरिफायरच्या तळाशी गाळ जास्तीत जास्त किती दाट होऊ शकतो याचा अंदाज मिळतो. एसव्हीआय १०० असेल तर १०,०००. तुमच्याकडे २५०, म्हणजे फक्त ४०००. टँकमध्ये ३८०० आणि क्लॅरिफायरच्या तळाशी ४०००! रिटर्न पंप कितीही चालवला तरी गाळ जितका आत येतो तितका तो परत नेऊ शकत नाही. शिल्लक वर चढत जाते आणि विअरवरून सांडते. क्लॅरिफायर बिचारा निर्दोष आहे. या गाळाला कुठलाही क्लॅरिफायर अपुराच पडला असता.

गाळ फुगला का, याची तुमच्या पत्रात एक सोडून चार कारणं दिसतात. अशा वेळी एकच ‘खरं’ कारण शोधत बसू नये, ती एकमेकांना हात देत असतात.

सगळ्यात जास्त संशय मला इक्वलायझेशन टँकवर आहे. पाच दिवस सांडपाणी हवेशिवाय उभं राहिलं. बल्क ड्रगच्या पाण्यात सल्फेट असतंच, वर न्यूट्रलायझेशनला आपण सल्फ्युरिक आम्ल वापरतो. हवा नसली की जिवाणू त्या सल्फेटचं सल्फाइड करतात, तोच तो सडक्या अंड्यांचा वास. सुट्टी संपल्यावर ते सल्फाइडचं पाणी एरिएशनमध्ये गेलं. थिओथ्रिक्ससारखे तंतुमय जिवाणू सल्फाइडवर झपाट्याने वाढतात आणि गाळाच्या कणांतून धागे बाहेर काढून कणाला कण चिकटू देत नाहीत. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसतं. काचपट्टीवर एक थेंब, आधी १०० पट, मग ४०० पट. कणांच्या कडेने केसांसारखे तंतू बाहेर आलेले, एका कणातून दुसऱ्यात पूल बांधलेले. तंतूच्या आत चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते गंधकाचे कण, आणि सल्फाइडचा पुरावा तुमच्या हातात. त्याच थेंबात देठाला चिकटलेले घंटेसारखे व्हॉर्टिसेला, रोटिफर असे जीव वळवळताना दिसले तर निर्धास्त व्हा, विषबाधा नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तसला जुना सूक्ष्मदर्शक मिळाला तरी घ्या. ईटीपीतल्या कुठल्याही महागड्या मीटरपेक्षा तो जास्त सांगतो.

इथे थांबून एक गोष्ट बजावते. त्या इक्वलायझेशन टँकमध्ये कुणालाही उतरू देऊ नका, वाकून डोकावूही देऊ नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास १०० पीपीएमच्या आसपास नाकाला कळेनासा होतो, आणि वास गेला म्हणून वायू गेला असं समजून माणूस आत जातो. आधी एक पडतो, त्याला काढायला दुसरा जातो. गॅस मीटर, बाहेर दोरी धरून उभा असलेला माणूस आणि लेखी परमिट याशिवाय झाकण उघडायचं नाही. या पाण्यात आम्लही ओतायचं नाही, पीएच उतरला की सल्फाइडचा वायू होऊन बाहेर येतो. पीएच ८ च्या वर ठेवा. हवा सुरू करायची ती हळूहळू, आसपास कुणी नसताना. सल्फाइड बांधायला फेरिक क्लोराइड चालतं, पण ते फॉस्फेटही सोबत घेऊन बसतं आणि पीएचही उतरवतं. म्हणून थोडं थोडं, मोजत.

दुसरं कारण डीओ. दिवसा ०.६ आणि रात्री ३. मालकांना हा एक आकड्यांचा जोड दाखवा. ब्लोअर लहान असता तर रात्रीही डीओ खालीच राहिला असता. तुम्ही दिवसाचे १२० किलो बीओडी दहा तासांत टाकता, म्हणजे तासाला १२ किलो. तेच चोवीस तासांत विभागलं तर तासाला ५ किलो. दिवसा गाळ गुदमरतो आणि कमी प्राणवायूत तंतू फोफावतात. रात्री त्याच ब्लोअरची वीज फुकट जाते. दुपारीच गाळ का सांडतो तेही यातच आलं: क्लॅरिफायरला तासाला १० घनमीटर पाणी झेलावं लागतं, सरासरी आहे जेमतेम सव्वाचार. तेव्हा फीड पंपाला छोटा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) किंवा टाइमर लावा आणि रात्रपाळीतही पाणी चालू ठेवा. मात्र त्याला इक्वलायझेशन टँकमध्ये जागा हवी. एका दिवसाचं पाणी मावेल इतकी तरी असावी, आणि तळाला हवा किंवा मिक्सर असावा. त्याच वेळी तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर बघून घ्या. पाण्यावर एकाच जागी मोठी उकळी दिसत असेल तर तिथला मेम्ब्रेन (डिफ्युझरवरचा बारीक भोकांचा पडदा) फाटलाय. ब्लोअरचा दाब महिन्यांच्या नोंदीत चढत गेला असेल तर भोकं चोंदली आहेत. एवढं करून फीड सारखा केल्यावरही चोवीस तास डीओ २ च्या खाली राहिला, तर ब्लोअरबद्दल बोलू. उन्हाळ्यात थोडं कठीणच जातं हेही खरं, ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू साडेसातच्या आसपासच विरघळतो, २० अंशांना नऊच्या वर.

तिसरं कारण युरियाची गोणी. बीओडी १०० ला नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ हे प्रमाण सगळ्यांना पाठ असतं. तुमच्या १२० किलोला रोज ६ किलो नायट्रोजन आणि १.२ किलो फॉस्फरस लागतो. आठवड्याचे ४२ आणि ८.४ किलो. पन्नास किलोच्या युरियातून २३ किलो नायट्रोजन मिळतो, डीएपीतून ९ किलो आणि वर १० किलो फॉस्फरस. म्हणजे फॉस्फरस बेरजेला पुरतो, नायट्रोजन कमी पडतो. पण बेरजेपेक्षा वेळ महत्त्वाची. टँकमध्ये पाणी सरासरी अडीच दिवस राहतं. सोमवारी टाकलेलं खत शुक्रवारपर्यंत बहुतेक वाहून गेलेलं असतं. मिथेनॉल, अ‍ॅसिटोनसारखी पटकन खाता येणारी सॉल्व्हंट समोर आणि नायट्रोजन नाही, अशा अवस्थेत गाळ चिकट आणि फुगीर होतो. रोज साधारण ६ किलो डीएपी आणि ११ किलो युरिया पाण्यात विरघळवून डोसिंग पंपाने दिवसभर थेंब थेंब द्या. आधी इक्वलायझेशनच्या पाण्यातला अमोनिया मोजा आणि तो यातून वजा करा. औषधांच्या कारखान्यात नायट्रोजन असतो खरा, पण बऱ्याचदा रेणूत अडकलेला, जिवाणूंना लगेच न मिळणारा. म्हणून अंतिम निकाल बाहेरच्या गाळलेल्या पाण्यावर घ्या: त्यात अमोनियारूपी नायट्रोजन १ च्या आसपास आणि फॉस्फेटरूपी फॉस्फरस अर्धा ते १ शिल्लक असेल तर पुरतंय. त्याहून फार जास्त असेल तर डोस कमी करा, उगाच खाडीत खत सोडू नका. आणि शेतकऱ्याच्या अनुदानाचा कडुनिंब लावलेला युरिया कारखान्यात वापरणं बेकायदेशीर आहे. टेक्निकल ग्रेडचाच घ्या, बिल फाइलला लावा.

चौथं कारण वेस्टिंग, ज्याबद्दल वर लिहिलंच. जूनपासून तुम्ही गाळ काढला नाही, तरी एमएलएसएस ३८०० वरच कसा राहिला? रोजच्या १२० किलो बीओडीतून ढोबळमानाने ४० किलो गाळ नव्याने वाढतो. तो कुठेतरी जातोच आहे. तुम्ही काढत नाही म्हणून प्लांट स्वतः विअरवरून काढतोय, आणि तो तळोज्याला न जाता सीईटीपीच्या (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्राच्या) गटारात जातोय.

आता विषबाधेची चाचणी. ती तुम्हाला आत्ता लागेल असं वाटत नाही, पण हे शिकून घेतलंत तर जन्मभर उपयोगी पडेल. टँकमधला मिक्स्ड लिकर घ्या, भरपूर हवा द्या, बीओडीच्या बाटलीत काठोकाठ भरा, डीओचा प्रोब बसवा, मॅग्नेटिक स्टररवर ठेवा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. डीओ सहा मिनिटांत ६ वरून ४ वर आला तर तासाला २० मिलिग्रॅमचा वेग. त्याला लिटरमागे २.९ ग्रॅम एमएलव्हीएसएसने भागा, सुमारे ७ येतात. हा तुमच्या गाळाचा श्वास. आता तोच गाळ पुन्हा घ्या, त्यात दहा टक्के नवं सांडपाणी मिसळा आणि परत मोजा. वेग वाढला तर ते पाणी गाळाचं अन्न आहे. वेग आहे तितकाच राहिला तर त्या पाण्यात जिवाणूंना खाण्यासारखं फारसं नाही. वेग घटला तर ते विष आहे, आणि ते पाणी एरिएशनला जाता कामा नये. प्रॉडक्शनने नवा प्रॉडक्ट घेतला, नव्या मदर लिकरचे (उत्पादन वेगळं काढल्यावर उरलेल्या द्रावाचे) ड्रम आले, की पहिला ड्रम ओतण्याआधी ही चाचणी करायची. अर्ध्या तासाचं काम आहे. हा आकडा समोर ठेवून प्रॉडक्शन मॅनेजरशी बोललात तर ते ऐकतात, नुसतं ‘ईटीपीला त्रास होतो’ म्हटलं तर ऐकत नाहीत. क्षारांचंही तसंच. हळूहळू सवय लावलेला गाळ बराच टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) सोसतो, पण एका संध्याकाळीत टीडीएस दुप्पट झाला तर तो विस्कटतो. जास्त टीडीएसचं पाणी एमईईकडेच (पाणी आटवून क्षार वेगळे करणाऱ्या यंत्राकडेच) जाऊ द्या, एमईई बंद आहे म्हणून रात्री गुपचूप इकडे वळवू देऊ नका.

करायचं काय, ते क्रमाने. उद्यापासून फीड चोवीस तासांवर आणि खत थेंबावर. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. सोबत वेस्टिंग सुरू, आणि एमएलएसएस तात्पुरता २४०० च्या आसपास आणायचा. का? गाळ तळाशी ४००० च्या वर दाट होत नाही, तोवर फीडच्या दीडपट रिटर्न धरला तर टँकमध्ये २४०० च मावतात. त्यावर एफ-एम गुणोत्तर (रोजचं अन्न भागिले टँकमधले जिवाणू) आत्ताच्या ०.१७ वरून ०.२६ च्या आसपास जाईल, फीड सारखा असेल तर काही बिघडत नाही. पण हे दोन आठवड्यांत करा, दोन दिवसांत नको. त्यासाठी रोज ६०-६५ किलो कोरडा गाळ काढावा लागेल. तो सध्या इतका पातळ आहे की १५-१६ घनमीटर भरेल. ओल्या ड्राइंग बेडवर हे जमणार नाही. पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळाचे कण एकत्र आणणारं रसायन) देऊन आधी दाट करा, मग फिल्टर प्रेसमध्ये दाबून पाणी काढा. प्रेस नसेल तर भाड्याने आणा. ब्लोअरच्या किमतीत तो कितीतरी दिवस चालेल. आणि पुढच्या जूनच्या आत बेडवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर घाला. कोकणातल्या पावसात उघडा ड्राइंग बेड चार महिने नुसतं तळं असतो, हे डिझाइन करणाऱ्यालाच कळायला हवं होतं.

एवढं करेपर्यंत बाहेरचा टीएसएस आवरत नसेल तरच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). रिटर्न लाइनमध्ये, जिथे पाणी घुसळतं तिथे, टँकमध्ये थेट नाही. सुरुवात दर हजार किलो गाळाला दिवसाला २ किलो क्लोरीनने. तुमच्या सव्वासातशे किलो एमएलव्हीएसएसला दीड किलो, म्हणजे दहा टक्क्यांचं साधारण १५ लिटर हायपो, दिवसभरात विभागून. तंतू कणांच्या बाहेर आलेले असतात म्हणून क्लोरीन आधी त्यांना गाठतो. तीन-चार दिवसांत एसव्हीआय उतरू लागला की थांबा. पाणी दुधी दिसायला लागलं तर त्याच क्षणी थांबा, चांगले जिवाणूही मरताहेत. तुमच्या पाण्यात फिनॉल असेल तर हायपो अजिबात नको, क्लोरोफिनॉल तयार होतात. आणि हे वेदनाशामक आहे हे लक्षात असू द्या. सल्फाइड आणि दिवसाचा गुदमर तसाच ठेवून हायपो दिला, तर तंतू महिन्याभरात परत येतात.

शेणाबद्दल लोक फार श्रद्धेने बोलतात, म्हणून स्पष्ट सांगते. गाईच्या पोटातले जिवाणू प्राणवायूविना जगणारे, आपल्याला हवे आहेत ते प्राणवायूवर जगणारे. शेणाने सीओडी वाढतो, पंपात चोथा अडकतो आणि एमएलएसएसचा आकडा फुगल्यामुळे सगळे समाधानी होतात. गाळ खरोखर मेला असेल तर चालू प्लांटचा ताजा रिटर्न स्लज टँकरने आणा, शक्यतो तुमच्यासारखंच पाणी घेणाऱ्याचा, नाहीतर महापालिकेच्या मैलापाणी केंद्राचा, रीतसर परवानगीने. तो आला त्याच दिवशी हवेत गेला पाहिजे.

प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला आले तर त्यांना हे सगळं लपवू नका. लॉगबुक दाखवा, उपाययोजनेचं पत्र आधीच देऊन ठेवा, आणि सीईटीपीला कळवा की काही दिवस टीएसएस जास्त येईल. त्यांच्याही एरिएशन टँकमध्ये असाच गाळ आहे, आणि त्यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी आहे. २०२२ मध्ये तिला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, पण दिवा कोळीवाड्यातल्या माणसाला त्या कागदाआधी जाळ्यात काय आलं ते कळतं. आपल्या विअरवरून सुटलेला गाळ कुठे जातो हे मला कधी विसरता येत नाही, तुम्हीही विसरू नका.

गाळाचं वय (गाळ टँकमध्ये सरासरी किती दिवस राहतो ते) २० दिवस धरलं तर त्याचं वागणं पुरतं बदलायला दोन-तीन वयं लागतात. म्हणजे तुम्ही नीट व्हाल तोवर दिवाळीची सुट्टी दारात असेल, आणि खरी परीक्षा तीच. सुट्टीच्या आठवडाभर आधी इक्वलायझेशन टँक निम्म्याहून खाली आणा, उरलेल्या पाण्याला सुट्टीतही हवा चालू ठेवा. एरिएशनचा ब्लोअर पूर्ण बंद करू नका, तासभर चालू, तासभर बंद अशा टाइमरवर ठेवा, आणि राखून ठेवलेल्या पाण्यातून रोज १०-१५ घनमीटर फीड द्या. रिटर्न पंप चालूच. पाळीवर एक ऑपरेटर हवाच, त्याला दुप्पट पगार आणि फराळ मालकांकडून घ्या. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी निम्मा फीड, मग रोज थोडा वाढवत चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण. रोज सकाळी आठ वाजता सिलिंडर लावा आणि आकडा लॉगबुकात लिहा. सलग दोन दिवस तो चढला तर फीड आहे तिथेच थांबवा आणि आधी इक्वलायझेशनचं सल्फाइड मोजा.